नाकीडोळी नीटस : इरावती कर्वे, १४९ कवट्या आणि मुळशी

लग्नाच्या बायोडेटात एक शब्दप्रयोग अजून टिकून आहे: 'नाकीडोळी नीटस'. स्थळं आता मोबाइलवर येतात, फोटोवर फिल्टर चढलेला असतो, पण वर्णनाची भाषा आजीच्या काळातलीच. नीटस म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगत नाही. सगळ्यांना ते आपोआप दिसतं, असं गृहीत धरलेलं असतं. अलीकडे या दिसण्याला शास्त्राची झालर लागली आहे. रील्सवर एक खेळ चालतो. तुमच्या चेहऱ्याची फक्त डावी बाजू घ्यायची आणि तिचंच प्रतिबिंब उजवीकडे चिकटवायचं. मग उजव्या बाजूचं तसंच करायचं. पडद्यावर दोन अनोळखी माणसं उभी राहतात आणि खाली अ‍ॅप टक्केवारी देतं: तुमचा चेहरा इतका सममित, म्हणजे डावं-उजवं इतकं जुळणारं.

या टक्केवारीच्या मागोमाग एक जुनंच मत नव्या कपड्यांत येतं. चांगल्या घरातली मुलं दिसायलाही चांगली असतात, गरिबी चेहऱ्यावर दिसते, वगैरे. कॉलेजच्या कट्ट्यावर हे सहज बोललं जातं. पण यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. माणूस ज्या परिस्थितीत वाढतो, ती त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या-उजव्या मापावर खरंच उमटते का? आणि उमटत असेल, तर ते मोजून कुणाचं काय भलं होतं?

मराठीत या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाऊन आलेली व्यक्ती म्हणजे इरावती कर्वे. इरावतीबाई म्हटलं की आपल्याला 'युगान्त' आठवतं, 'परिपूर्ती' आठवतं. त्यांची पीएच.डी. मात्र महाभारतावर नव्हती. ती होती माणसाच्या कवटीच्या असममितीवर, बर्लिनमध्ये केलेली. ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेलं त्यांचं इंग्रजी चरित्र 'इरू' २०२४ मध्ये आलं, तेव्हापासून ही गोष्ट मोबाइलवरही बरीच फिरली. फॉरवर्डमध्ये ती साधारण अशी असते: एका मराठी मुलीने नाझींचा वंशसिद्धान्त खोटा ठरवला. गोष्ट अभिमानाची आहे आणि तिचा गाभा खरा आहे. पण ती तिथे संपत नाही. इरावतीबाईंनी एका चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर दिलं. योग्य प्रश्न त्यांनी पुढच्या आयुष्यात दुसऱ्या वाटेने विचारला, मात्र हे दोन धागे त्यांनी कधी एकत्र बांधले नाहीत. ते बांधायचं काम आपल्याकडे आलं आहे, असं मला वाटतं.

बर्लिनमधला प्रश्न

इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या नदीवरून त्यांचं नाव पडलं. शिक्षण पुण्यात, हुजूरपागेत आणि फर्ग्युसन कॉलेजात. मग मुंबईला गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर कर्वे यांच्याशी लग्न झालं आणि १९२० चं दशक संपता संपता त्या बर्लिनला पोहोचल्या. संस्थेचं नाव होतं कायझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था, स्थापना १९२७. मार्गदर्शक होते तिचे संचालक ऑइगेन फिशर.

फिशर हे त्या काळातलं बडं प्रस्थ. आजच्या नामिबियात जाऊन त्यांनी मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेतली होती. मानवी आनुवंशिकतेवरच्या एका गाजलेल्या पाठ्यपुस्तकाचे ते सहलेखक होते. पुढे नाझी सत्तेवर आल्यावर, १९३३ मध्ये, ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. इरावतीबाई तिथे होत्या तेव्हा हिटलरची सत्ता अजून यायची होती, हे फॉरवर्ड वाचताना लक्षात ठेवायला हवं. वंशश्रेष्ठत्वाचा विचार नाझींनी शून्यातून काढला नाही. तो आधीच विद्यापीठांत, प्रयोगशाळांत, सन्मानाने नांदत होता.

फिशर यांचं अनुमान काहीसं असं होतं: गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी इतरांच्या कवटीपेक्षा अधिक असममित असणार. का? तर तर्कबुद्धीशी जोडलेला मेंदूचा पुढचा उजवा भाग त्याच्यात जास्त वाढलेला, म्हणून कवटीही त्या बाजूला जास्त फुगलेली. इरावतीबाईंनी १४९ कवट्या तपासल्या. त्यांत युरोपीय होत्या, तशाच वसाहतींमधून आणलेल्याही. निष्कर्ष सरळ निघाला. असममिती सगळ्यांमध्ये आहे आणि तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. ज्या माणसाच्या हातात पदवी देणं होतं, त्याच्याच अनुमानाच्या विरुद्ध जाणारा हा निष्कर्ष एका परदेशी विद्यार्थिनीने लिहून दिला.

इथे जरा थांबून एक गंमत पाहा. फिशर यांच्या बर्लिनमध्ये वाकडेपणा श्रेष्ठत्वाची खूण ठरत होता. त्याच्या साधारण पन्नास वर्षं आधी इटलीत चेझारे लोंब्रोझो यांनी १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगाराची लक्षणं सांगणारं पुस्तक लिहिलं. त्यात चेहऱ्याची असममिती हे गुन्हेगाराचं एक लक्षण होतं. आणि आजच्या अ‍ॅपमध्ये सममिती म्हणजे सौंदर्य, सुदृढपणा, चांगली जनुकं. गुण तोच, डावी-उजवीकडचा काही मिलिमीटरांचा फरक. अर्थ मात्र मोजणाऱ्याच्या सोयीने पालटतो. मोजणाऱ्याला स्वतःचा वर्ग वर दिसायला हवा असतो, मग कवटी सरळ असो की वाकडी.

डब्यावरचं लेबल

'इरू' हे चरित्र दोघांनी मिळून लिहिलंय, हे त्याचं बळ आहे. ऊर्मिला देशपांडे या इरावतीबाईंच्या नात, गौरी देशपांडे यांची मुलगी. घरातली आठवण त्यांच्याकडून येते. बार्बोसा मानववंशशास्त्रज्ञ आहेत. जर्मन मानववंशशास्त्र महाराष्ट्रात आलं तेव्हा त्याचं काय झालं, हा त्यांच्या संशोधनाचाच विषय. त्यामुळे पुस्तकात आजीबद्दलचं प्रेम आहे आणि दप्तरांची धूळही आहे. पण वाचक म्हणून आपल्या मनात जे ठसतं ते त्या एका नकाराचं नाट्य. मला वाटतं, नकाराइतकंच त्या कवट्यांकडे पाहायला हवं.

कवटी आपल्याला काय सांगू शकते? वय साधारण कळतं, स्त्री की पुरुष हे बऱ्याचदा कळतं. त्या माणसाच्या आईला गरोदरपणी पोटभर जेवण मिळालं का, तो लहानपणी किती वेळा तापाने फणफणला, बाप मजूर होता की सावकार, हे डब्यात ठेवलेल्या कवटीसोबत येत नाही. वसाहतींच्या काळातल्या संग्रहांमध्ये कवटीबरोबर सहसा ठिकाण आणि जमात एवढंच लिहिलेलं असे. कितीतरी कवट्या थडग्यांतून, लढायांच्या मैदानांतून, नातेवाइकांना न विचारता उचललेल्या होत्या. नाव गेलं, घर गेलं, आयुष्याची हकीकत गेली. राहिलं ते वंशाचं लेबल.

आता विचार करा. डब्यावर जे लिहिलंय तोच प्रश्न विचारता येतो. लेबल वंशाचं असेल तर वंशाचाच प्रश्न निघणार. उत्तर 'संबंध नाही' असं आलं तरी प्रश्नाची चौकट तशीच राहते. इरावतीबाईंनी त्या चौकटीच्या आत राहून जेवढं प्रामाणिकपणे करता येईल तेवढं केलं. पण 'मग ही असममिती येते कुठून?' हा पुढचा प्रश्न त्या संग्रहात बसून विचारताच येत नव्हता. ज्यांची आयुष्यं पुसून त्यांना नमुना केलं, त्यांच्या आयुष्याबद्दल त्यांची हाडं किती बोलणार?

या संस्थेच्या जुन्या इमारतीजवळ २०१४ मध्ये खोदकाम करताना मानवी हाडं सापडली. नंतरच्या उत्खननात तुकड्यांची संख्या हजारोंत गेली. मार्च २०२३ मध्ये बर्लिनच्या दालेम भागातल्या दफनभूमीत ती पुरण्यात आली. ही हाडं कोणत्या वंशाच्या माणसांची, हे ठरवणाऱ्या आणखी चाचण्या करायच्या नाहीत, असं त्याआधी ठरलं. जवळपास शंभर वर्षांनी कुणीतरी ते लेबल लावायला नकार दिला.

पुण्यात आलेला कॅलिपर

इरावतीबाई १९३० मध्ये परतल्या आणि १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. बर्लिनमधल्या नकारानंतर त्यांनी मोजपट्टी बाजूला ठेवली असेल, असं आपल्याला वाटेल. तसं झालं नाही. महाराष्ट्रभर फिरून त्यांनी माणसांची शारीरिक मोजमापं घेतली. १९५१ मध्ये वि. म. दांडेकर यांच्यासोबत त्यांचं 'अँथ्रोपोमेट्रिक मेझरमेंट्स ऑफ महाराष्ट्र' हे पुस्तक डेक्कन कॉलेजने काढलं. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत एकाच दर्जाच्या आठ जातिगटांची जैविक तुलना करणारा लेख आला.

त्यांचा हेतू फिशर यांच्यासारखा नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. श्रेष्ठ कोण, हे त्यांना ठरवायचं नव्हतं. एका वर्णाचे किंवा एका धंद्याचे म्हणून आपण ज्या जाती एकत्र मोजतो, त्या मुळात एकाच गटाचे तुकडे आहेत की वेगवेगळे गट शेजारी-शेजारी राहायला आले, हा त्यांचा प्रश्न होता. ब्राह्मण म्हणवणारे गट एकमेकांपासूनच किती वेगळे आहेत, हे त्यांनी दाखवलं. 'वरची' आणि 'खालची' रक्तं अशी सोपी विभागणी त्यातून ढासळते.

या वादाला पुण्या-मुंबईत आणखी एक धार होती. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ली यांनी १९०१ च्या जनगणनेच्या काळात नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड सिद्ध करायचा प्रयत्न केला होता. नाक जितकं रुंद, तितका सामाजिक दर्जा खाली, असा तो हिशेब. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये घुर्यांनी मांडलेली नाकाची मापंच हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे आहेत हा सिद्धान्त त्याच आकड्यांनी उलटवला. शत्रूच्या हत्याराने लढायचं, तर ते असं.

तरीही १९५१ च्या पुस्तकात माणसांना ओळीत उभं करणारी रेषा जातीचीच आहे. बर्लिनच्या डब्यावर वंश होता, इथल्या तक्त्यावर जात आहे. मोजला जाणारा माणूस या वेळी जिवंत होता, समोर उभा होता, बोलू शकत होता. गेल्या दुष्काळात घरात काय शिजलं, हे त्याला विचारता आलं असतं. ही माझी मुख्य तक्रार आहे. आणि ती अधिक टोचते ती सहलेखकाच्या नावामुळे. वि. म. दांडेकर म्हणजे तेच, ज्यांनी वीस वर्षांनी, १९७१ मध्ये, नीलकंठ रथ यांच्यासोबत 'पॉव्हर्टी इन इंडिया' लिहिलं. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, असं त्यात मांडलं. भारतातल्या दारिद्र्यरेषेची चर्चा बराच काळ या आकड्याभोवती फिरली. म्हणजे शरीराचं माप आणि भुकेचं माप, दोन्ही एकाच शहरात, एकाच संख्याशास्त्रज्ञाच्या टेबलावर होती. एका पुस्तकात शरीर आहे पण ताट नाही. दुसऱ्यात ताट आहे पण शरीर नाही.

इरावतीबाईंचं ललित लेखन वाचताना हे आणखी जाणवतं. वारीवरच्या 'वाटचाल' मध्ये कोण कुणाबरोबर चालतं आणि जेवायला मात्र कोण वेगळं बसतं, हे त्या टिपून ठेवतात. 'युगान्त' मध्ये गांधारी असो की कर्ण, माणूस ज्या पेचात सापडला तो पेच त्या उलगडून दाखवतात, त्याच्या कुळाकडे बोट दाखवून थांबत नाहीत. कथेतल्या माणसाला परिस्थिती असते. तक्त्यातल्या माणसाला फक्त जात असते. एकाच लेखणीत हा फरक कसा राहिला, हे समजून घेतल्याशिवाय इरावतीबाई पूर्ण कळत नाहीत.

एडिंबरा, अंकारा, ब्रिस्टल

आता मूळ प्रश्नाचं आजचं उत्तर पाहू. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू एकाच जनुकीय आराखड्यावरून तयार होतात. वाढीच्या काळात आजारपण, उपासमार, विषारी धूर असं काही आडवं आलं, की आराखडा तंतोतंत उतरत नाही. कुठे डोळा किंचित खाली, कुठे नाकपुडी किंचित बाहेर. कोणती बाजू चुकेल हे नक्की नसतं, म्हणून याला चल असममिती म्हणता येईल. कल्पना अशी, की जितके धक्के जास्त, तितक्या या बारीक चुका जास्त.

एडिंबराच्या संशोधकांनी १९२१ मध्ये जन्मलेल्या लोकांच्या गटातल्या २९२ जणांची सममिती तपासली. चेहरा ८३ व्या वर्षी मोजला, शरीर ८७ व्या वर्षी. या लोकांच्या बालपणाची माहिती हाती होती: वडिलांचं काम काय, घरात माणसं किती, शौचालय घरात की बाहेर. २०१३ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार बालपणी हलाखी असलेल्यांचे चेहरे म्हातारपणीही थोडे जास्त असममित होते. मध्यमवयात मिळवलेल्या सुस्थितीने फरक पडलेला दिसला नाही. पुरुषांमध्ये हा संबंध ठळक होता. स्त्रियांमध्ये इतका क्षीण, की योगायोगापासून वेगळा काढता येऊ नये. अंकारामध्येही २०१० मध्ये झोपडवस्तीतल्या आणि बऱ्या वस्तीतल्या तरुणांची तुलना झाली, त्यात झोपडवस्तीतले चेहरे अधिक असममित आढळले.

उलट बाजूही आहे. ब्रिस्टल परिसरातल्या ४,७३२ पंधरा वर्षांच्या मुलांचे चेहरे लेझरने स्कॅन करून २०१४ मध्ये एक अभ्यास छापला गेला. लहानपणीच्या आजारपणाचा चेहऱ्याच्या असममितीशी संबंध त्यात सापडला नाही. हा गट पहिल्या गटाच्या सोळापट मोठा.

मग कोण खरं? तिन्ही अभ्यास नेमकं एकच विचारत नाहीत. ब्रिस्टलचा प्रश्न आजारपणाचा होता, एडिंबराचा परिस्थितीचा. शिवाय ८३ व्या वर्षी फोटोला बसायला माणूस तोवर जगावा लागतो. १९२१ च्या सर्वांत गरीब घरांतले कितीजण तिथवर पोहोचले असतील? माझं वाचन असं: परिस्थिती चेहऱ्यावर उमटू शकते, पण फार पुसट, आणि सरासरीत. शंभर चेहऱ्यांच्या गठ्ठ्यात तिची छाया सापडू शकेल. तुमच्या समोरच्या एका चेहऱ्यावरून ती वाचता येत नाही. अ‍ॅपची टक्केवारी तर त्या दिवशीचा उजेड, मोबाइलचा कोन आणि तुम्ही कुठल्या कुशीवर झोपला होता, हेच बहुतेक सांगते.

प्रौढपणीचं काम मात्र चेहऱ्यावर वेगळ्या रीतीने लिहितं. अमेरिकेत २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला होता. खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी जून झालेला, उजवा त्या मानाने तरुण. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे ताम्हिणी घाट उतरणाऱ्या टेंपोवाल्याचा उजवा गाल आधी म्हातारा होणार. एका बाजूच्या दाढा काढल्या आणि नवे दात बसवायला पैसे नसले, की माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्या बाजूनेच चावतो. ही असममिती जनुकांची नव्हे, मजुरीची आहे.

मुळशीचे चेहरे

ताम्हिणीचं नाव निघालंच आहे, तर वाटेवरच्या पौडला थांबू. पुण्यात पौड रस्ता जिथे फुटतो तो पौड फाटा कर्वे रस्त्यावर आहे, म्हणजे इरावतीबाईंच्या सासऱ्यांच्या नावाच्या रस्त्यावर. तिथून निघालं की मुळशी तालुक्याचं ठाणं असलेलं पौड आणि त्यापुढे धरण.

एडिंबराची ती मुलं १९२१ मध्ये जन्मली. त्याच वर्षी रामनवमीला इथे मुळशी सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीचं धरण पन्नासहून जास्त गावांच्या जमिनी घेणार होतं. वीज मुंबईला जाणार होती, पाणी घाटाखाली भिऱ्याला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि मावळातले शेतकरी १९२४ पर्यंत लढले. बापट तुरुंगात गेले. धरण झालं. स्कॉटलंडमध्ये त्या वर्षी जन्मलेल्या पोराच्या घरातलं शौचालय कुठे होतं, हे आज सांगता येतं. त्याच वर्षी मुळशीत जन्मलेलं आणि पाण्याखालच्या गावातून उठवलेलं पोर काय खाऊन वाढलं, त्याचा चेहरा ८३ व्या वर्षी कसा दिसत होता, हे विचारायला तसं कुठलं दप्तर आहे? आपल्याकडे चेहरे होते आणि परिस्थितीही होती. दोन्हींना जोडणारी वही नव्हती.

इथेच इरावतीबाईंचं एक कमी वाचलं जाणारं काम आठवतं. आयुष्याच्या शेवटी त्यांनी जाई निंबकर यांच्यासोबत कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने छापली. त्या पाहणीच्या शीर्षकात जात नाही, वंश नाही. 'विस्थापित' आहे. गट पाडणारी रेषाच बदलली. बर्लिनमध्ये ज्या हातांनी कवटीला कॅलिपर लावला, ते हात चाळीस वर्षांनी धरणाखाली गेलेल्या घरांकडे वळले. माझ्या मते फिशर यांना दिलेलं खरं, पूर्ण उत्तर हे आहे. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, त्या गेल्या. फॉरवर्डमध्ये १४९ कवट्या येतात, कोयना येत नाही.

मुळशीच्या चेहऱ्यांना आणखी एक लेबल लागलेलं आहे, तेही सिनेमाने घराघरांत पोहोचवलेलं. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' २०१८ मध्ये आला. त्यानंतर तालुक्याचं नाव राज्यभर झालं, पण गळ्यात सोनं, हातात कोयता अशा पोरांसाठी. पाहणारे बरेचसे स्टाइल घेऊन बाहेर पडले. सिनेमा काय म्हणतो ते नीट पाहा. जमीन विकलेल्या बापाच्या हातात काही उरत नाही आणि पोरगा गुन्हेगारीत ओढला जातो, हा त्याचा कणा आहे. लोंब्रोझो त्या पोराच्या जबड्याचं माप घेऊन निकाल देऊन मोकळे झाले असते. तरडे सातबाऱ्याकडे बोट दाखवतात. मांडणी भडक आहे, हाणामारीचा मोह सिनेमाला आवरत नाही आणि त्यामुळे त्याचा स्वतःचाच मुद्दा झाकोळतो. तरी कारण शोधण्याची त्याची दिशा बरोबर आहे: कवटीकडून जमिनीकडे.

दंडघेराची पट्टी

मग शरीर मोजूच नये का? तसं मला म्हणायचं नाही. पुणे जिल्ह्यातच, केईएम रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून गावागावांत गरोदर बाया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. या बाळांचं जन्माचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. मोठेपणीच्या मधुमेहाची पाळंमुळं आईच्या ताटात असू शकतात, हा विचार या कामाने पुढे नेला. परिस्थिती शरीरावर लिहिते, हे इथे चेहऱ्यापेक्षा कितीतरी ठळकपणे वाचता येतं. आणि वाचल्यावर करायचं काय, तेही कळतं: आईच्या ताटाकडे पाहायचं.

मुळशी तालुक्यात कातकरी वस्त्या आहेत. केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी जमातींपैकी कातकरी ही एक. वीटभट्टी, कोळसाभट्टी अशा कामांमागे कातकरी कुटुंबं वर्षातले कितीतरी महिने घराबाहेर असतात. अंगणवाडीताईंकडे एक रंगीत पट्टी असते, बाळाच्या दंडाचा घेर मोजायची. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर तीव्र कुपोषण, म्हणजे सॅम. ११.५ ते १२.५ च्या मध्ये आला तर मॅम. ही पट्टीही शरीर मोजते, आकडाही काढते. पण तिच्यावर वंश नाही, जात नाही, 'नीटस' की कसं तेही नाही. लाल रंग आला तर पुढे आहार, औषध, दवाखाना असं काहीतरी व्हायला हवं, हे त्या पट्टीतच गृहीत आहे. होत नसेल तर कुणाला जाब विचारायचा, हेही ठरलेलं आहे. भट्टीवर गेलेलं बाळ त्या महिन्यात मोजलंच गेलं नाही, तर तो दोष पट्टीचा नाही. ती व्यवस्थेची चूक आहे आणि ती दाखवून देता येते.

कॅलिपर आणि ही पट्टी, दोन्ही मोजतात. फरक मोजल्यानंतर सुरू होतो. बर्लिनच्या मापानंतर कवटी पुन्हा डब्यात गेली. रिस्लींच्या मापानंतर माणूस उतरंडीच्या एका पायरीवर बसवला गेला. अ‍ॅपच्या मापानंतर तुम्ही फिल्टर लावता. चेहऱ्याबद्दलचं कुठलंही नवं संशोधन मोबाइलवर आलं, की मी आता दोन गोष्टी पाहते: लोकांचे गट कोणत्या लेबलाने पाडले आहेत आणि मोजून झाल्यावर मोजलेल्या माणसाला काय मिळणार आहे. एडिंबराचा अभ्यास पहिल्या कसोटीला उतरतो, कारण त्याचं लेबल बालपणाचं घर हे आहे. दुसऱ्या कसोटीचं उत्तर त्या संशोधकांच्या हातात नव्हतं. ते नगरपालिकांच्या, सरकारांच्या हातात होतं.

'इरू' जरूर वाचा. वाचून झाल्यावर कोयनेची पाहणीही शोधून काढा, ती ग्रंथालयांत आहे आणि फारशी कुणी मागत नाही. १४९ कवट्यांवर इरावतीबाईंनी लिहिलेला नकार मोठाच होता. पण 'वंशाने फरक पडत नाही' एवढ्याने 'कशाने पडतो?' याचं उत्तर मिळत नाही. ते पौडच्या पुढच्या एखाद्या वस्तीत, दर महिन्याला, पट्टीच्या लाल-पिवळ्या-हिरव्या रंगात मिळत असतं. अंगणवाडीताई ते नोंदवून ठेवतात. तो आकडा पुढे कोण वाचतं, याची चौकशी आपण करायला हवी.